गुडघा आणि खुबा बदलण्याचं ऑपरेशन : आधी काय, नंतर काय



मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि नोकरीची बरीच वर्षं हाडांच्या वॉर्डात काढली. आता दुबईत, अल कुसैसला लेकीकडे राहते. संध्याकाळी पार्कात बसलं की आमच्या वयाच्या बायकांचं बोलणं फिरून गुडघ्यांवरच येतं. "रोबोटने करावं का?" "सांधा कुठल्या कंपनीचा घ्यावा?" "इथे करू की मुंबईला जाऊ?" घरी आल्यावर काय करायचं, हे मात्र फार थोड्या जणी विचारतात. ऑपरेशन दीड-दोन तासांत होतं, पण पाय पुन्हा आपलासा वाटायला तीन महिने तरी जातात. त्या तीन महिन्यांत आपण काय करतो यावर निम्मं यश अवलंबून असतं. म्हणून हे लिहिते आहे.

गुडघ्यात नेमकं काय बदलतात?

आपल्याकडे "वाटी बदलली" म्हणतात. पण वाटी, म्हणजे पुढचं गोल हाड, बऱ्याचदा आपलीच राहते. गरज असेल तर तिच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकची चकती बसवतात. झिजलेली असते ती मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरची आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकावरची कूर्चा. सर्जन दोन्ही टोकांचा साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर काढतात. मग वर धातूची टोपी, खाली धातूची बैठक आणि दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची गादी बसते. हे भाग बहुतेक वेळा बोन सिमेंटने बसवतात आणि ते सिमेंट काही मिनिटांतच घट्ट होतं. म्हणून पेशंटला दुसऱ्या दिवशी, कधी तर त्याच दिवशी, वॉकर धरून उभं करतात. "अजून ताजं आहे, सांधा निखळेल" ही भीती मनातून काढून टाका. एकच बाजू झिजली असेल आणि बाकी सांधा चांगला असेल, तर अर्धाच गुडघाही बदलता येतो.

२००० साली अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला आणि २००१ साली उजवा. तेव्हापासून आपल्या घराघरांत या ऑपरेशनचं नाव पोचलं. दोन्ही गुडघे एकदम करायचे की अंतर ठेवून, हे हृदय, फुफ्फुसं आणि वय पाहून डॉक्टर ठरवतात. शेजारणीने दोन्ही एकदम केले म्हणून आपणही करावेत असं नाही.

खुब्याची गोष्ट वेगळी

खुबा म्हणजे खोबणीत फिरणारा चेंडू. इथे चेंडू कापून मांडीच्या हाडात दांडा बसवतात, त्यावर धातूचा किंवा सिरॅमिकचा नवा चेंडू आणि खोबणीत नवी वाटी. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली घातला. पडून खुबा मोडलेल्या वृद्धांमध्ये कधी कधी फक्त चेंडूच बदलतात.

सर्जन खुब्यात मागून, बाजूने किंवा पुढून शिरतात. कुठून शिरले हे डिस्चार्जच्या आधी जरूर विचारा, कारण पथ्य त्यावर ठरतं. मागून केलं असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात : खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं. तसं केलं तर चेंडू निसटू शकतो. म्हणून खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही, सोफा खोल नको, कमोडला उंच सीट लावायची. मलिद्याला चटईवर मांडी घालायची नाही, खुर्चीत बसायचं. घरात शोक असला तरी सात दिवस जमिनीवर बसायचा हट्ट धरू नये. आजारी आणि वृद्ध माणसाला खुर्चीची मुभा आहे.

रोबोट आणि टिकाऊपणा

रोबोट आपणहून ऑपरेशन करत नाही. हाडाचा नकाशा बनवून कापाची जागा आणि कोन नेमका ठेवायला तो मदत करतो. हात आणि निर्णय सर्जनचाच. मला विचाराल तर, मशीनपेक्षा सर्जन अशी किती ऑपरेशनं नेहमी करतात आणि तिथे फिजिओथेरपी कशी आहे, हे आधी विचारा.

टिकण्याबद्दल म्हणाल, तर २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासांनुसार १०० पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२, आणि १०० खुब्यांपैकी सुमारे ५८, २५ वर्षं टिकतात. सत्तरीतल्या माणसाला बहुधा दुसऱ्यांदा बदलायची वेळ येत नाही.

ऑपरेशनच्या आधी

साखर आटोक्यात आणा. दातांचा पू, लघवीतलं इन्फेक्शन, पायावरचं गळू, बोटांमधली चिखली हे सगळं आधी बरं करून घ्या, कारण जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचले तर फार त्रास होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांनाच विचारा. मांडीचे व्यायाम आजपासूनच सुरू करा. जी बाई वर्षभर खुर्चीत बसून मग ऑपरेशनला जाते, तिची मांडी वाळलेली असते आणि तिला उठायला जास्त दिवस लागतात.

इथल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, सुटे गालिचे आणि ओलं बाथरूम हे तीन शत्रू. गालिचे गुंडाळून ठेवा, बाथरूममध्ये धरायला दांडे लावा.

पहिले पंधरा दिवस

गुडघ्याखाली उशी घेऊ नका. घेतली की बरं वाटतं, म्हणून सगळे घेतात. पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग माणूस कायमचा लंगडतो. उशी हवीच तर टाचेखाली घ्या, गुडघा सरळ होऊ द्या. दर तासाला पाऊल वर-खाली हलवा, मांडी आवळून सोडा, टाच सरकवत गुडघा वाकवा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. सोसण्यात शौर्य नाही. दुखतं म्हणून व्यायाम चुकला तर सांधा आखडतो. व्यायामानंतर कापडात गुंडाळून बर्फ लावा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी ऑपरेशनच्या उलट बाजूच्या हातात.

इथे सिस्टर बहुधा केरळच्या नाहीतर फिलिपिन्सच्या. त्या विचारतात, दहापैकी किती दुखतं? आपल्या आजीला ते कळत नाही आणि ती "ठीक आहे" म्हणते. मी वॉर्डात विचारायची, "आजी, रुपयात किती आणे दुखतंय?" लगेच उत्तर यायचं, "बारा आणे!" घरच्यांनी असं विचारून सिस्टरला सांगावं. रात्री वृद्ध माणूस गोंधळून बडबडू लागला तर त्याला वेड लागलेलं नसतं. चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, मराठीत बोला, आणि सिस्टरला लगेच कळवा.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या देतात; गुडघ्याला साधारण दोन आठवडे, खुब्याला पाच आठवड्यांपर्यंत. एनोक्सापॅरिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्यापासून बनतं, हे ऐकून काही जण मनातच अडखळतात. आपली मनाई खाण्याला आहे, उपचाराच्या इंजेक्शनला नाही. तरी मन घेत नसेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरी औषधं आहेत. गुपचूप डोस चुकवू मात्र नका.

मुंबईला करून परतणार असाल तर

विमानात कधी बसायचं हे सर्जनला विचारूनच तिकीट काढा. एका जागी तासन् तास बसल्याने गुठळीचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल, कोडीन, प्रिगॅबालिन ही औषधं अमिरातीत नियंत्रित आहेत. ती आणायची तर इथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्जचा कागद हातातल्या पिशवीत ठेवा. विमानतळावर दरवाजा वाजला तर तोच कागद दाखवायचा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

पोटरी दुखून सुजणं, जखमेतून पाणी किंवा पू, वाढता लालपणा, थंडी वाजून ताप : त्याच दिवशी डॉक्टरकडे. अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं : लगेच अँब्युलन्स, इथे ९९८, महाराष्ट्रात १०८. खुबा एकदम दुखून पाय आखूड दिसला, तर उभं न राहता तीच अँब्युलन्स बोलवा. थोडी सूज, ऊब आणि टाक्यांच्या बाजूचा बधिरपणा मात्र काही महिने राहतो, त्याला घाबरू नका.

शेवटी ऑपरेशन कधी करावं? एक्स-रे वाईट दिसतो एवढ्यावरून नाही. औषध, व्यायाम, वजन कमी करणं हे सगळं करूनही रात्री झोप लागत नसेल, बाथरूमपर्यंत जाणं जड होत असेल, तर वेळ आली. आणि घरच्यांनो, पहिल्या सहा आठवड्यांत आईच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. तिचा पाण्याचा पेला तिलाच वॉकर धरून डायनिंग टेबलापर्यंत जाऊन पिऊ द्या, तुम्ही फक्त मागे उभे राहा.

सर्वांना चांगलं आरोग्य लाभो. शालोम.