राणीचे तीन पॉइंट्स

हॉस्टेलच्या कॉमन रूममधला कॅरम. आम्ही 22, समोरच्या दोघी 19. हरणाऱ्या जोडीने चौघींचा चहा-वडापाव द्यायचा, असं ठरलेलं. माझ्या रूममेटने राणी घेतली, कव्हर केली आणि आमची शेवटची सोंगटीही घालवली. बोर्डवर त्यांच्या दोनच उरल्या. 'दोन आणि राणीचे तीन, पाच! 27, गेम!' ती किंचाळली.

मी गप्प. कारण मला नियम माहीत होता. स्पर्धेतला गेम 25 पॉइंट्सचा असतो, पण 22 झाले की राणीचे तीन मिळत नाहीत. म्हणजे आम्ही 24 वरच होतो. अजून एक बोर्ड बाकी होता. वडापाव मात्र मी खाल्ला.

स्पर्धेत अंपायर असतो. कॉमन रूममध्ये कोण बसणार? स्ट्रायकर दोन्ही रेषांना टेकला होता का, हे बऱ्याचदा फक्त मारणारीलाच ठाऊक असतं. तिने सांगितलं तर फाऊल, नाहीतर नाही.

अर्थात आमच्याकडची निम्मी भांडणं चीटिंगची नसतातच. कुणाच्या घरी काळी 10, पांढरी 20, राणी 50. कुणाकडे पॉइंट्सच नाहीत, आधी सोंगट्या संपवेल तो जिंकला. कुणाकडे अंगठ्याने मारलं की फाऊल (स्पर्धेत चालतं बरं का!). चार घरांचे नियम एका बोर्डवर आले की 'रडीचा डाव' म्हणून ओरडायला कितीसा वेळ लागतो? म्हणून आता बोर्डजवळ एक वही ठेवलीय. पहिल्या पानावर चौघींनी ठरवलेले नियम, आणि प्रत्येक बोर्डचा स्कोअर लिहायचा हरलेल्या जोडीने.

ही वही आली माझ्यामुळेच. चार दिवस ते 27 डोक्यातून जाईनात, शेवटी सांगून टाकलं. रूममेट भडकली, 'तुला कुणी विचारलं होतं का?' समोरची मात्र क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, 'चल, 24-19 पासून लाव.'

लावला. तो बोर्ड त्यांनी घेतला, आमच्या चार सोंगट्या शिल्लक ठेवून. शिवाय राणी. त्या 19 वर होत्या, त्यामुळे त्यांना ते तीन पॉइंट्स अगदी नियमाने मिळाले. 26.

चौघींच्या चहा-वडापावचे पैसे मी एकटीनेच दिले. रूममेट अजून फुगलेलीच आहे.