आजीच्या अंगठीतला लाल खडा

जुन्या दागिन्यातला लाल खडा म्हणजे माणिकच, असं घरोघरी मानलं जातं. बरेचदा तो गार्नेट (तामडा) निघतो. रंग डाळिंबी, थोडा तपकिरी किंवा जांभळ्या छटेकडे झुकणारा. अतिनील टॉर्चखाली बरीच माणकं लाल चमकतात. तामडा मात्र निपचित राहतो. त्यात लोह असल्याने छोटं निओडिमियम चुंबक सुट्या खड्याला हलकेच ओढतं, माणकाला किंवा साध्या काचेला नाही. भिंगातून गोल बुडबुडे दिसले तर काचेचा संशय घ्यावा. या खुणा घरच्या घरी अंदाज बांधण्यापुरत्याच, निवाडा रत्नपरीक्षकाचा.

तामडा निघाला म्हणून हिरमुसू नका. माणकाला रंगासाठी सर्रास भट्टीत तापवतात, तामड्याचा रंग बहुधा जन्मजात असतो. कठिणता मात्र साडेसहा ते साडेसात (माणिक ९), म्हणून हिऱ्याच्या दागिन्यांशेजारी ठेवू नये. खडा उघड्या कोंदणात असेल तर कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरे. बंद कोंदणात खड्यामागे चमकीचा वर्ख असू शकतो. तो दागिना पाण्यात बुडवू नका.