न दिसणारी धूळ

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या वायव्येस स्कोफिल्ड्स हे उपनगर आहे. पूर्वी तेथे शेती व विरळ वस्ती होती. आता नव्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या असून भारतातून गेलेली अनेक कुटुंबेही तेथे राहतात. सिडनीच्या पश्चिम भागातील जुनी घरे पुष्कळदा ‘फायब्रो’च्या पत्र्यांची असत. अशी घरे पाडण्याचे काम परवाना असलेले कामगार करतात. ते नाकातोंडावर खास मुखवटे लावतात, पत्रे ओले करतात आणि न फोडता काढून जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात.

साध्या पत्र्यासाठी एवढी काळजी का? कारण जुन्या फायब्रोमध्ये सिमेंटबरोबर ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे. ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही. म्हणून त्याचे पत्रे, नळ व मोटारींचे ब्रेक जगभर बनू लागले. आपल्याकडील ‘सिमेंटच्या पत्र्यां’तही बहुधा ॲस्बेस्टॉसच असते.

अखंड पत्र्यापासून धोका कमी असतो. पण तो कापला किंवा फोडला, की त्यातील अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसांत रुततात. लगेच काहीच जाणवत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी धाप लागू लागते. फुप्फुसे कडक होतात. काहींना फुप्फुसांचा किंवा त्यांच्या आवरणाचा कर्करोग होतो. या आवरणाच्या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. तोपर्यंत कामगार निवृत्तही झालेला असतो.

हा धोका कारखान्याच्या दाराशी थांबत नाही. कामगार घरी येतो, मुले त्याला बिलगतात, पत्नी त्याचे कपडे झटकून धुते. कपड्यांवरील धूळ त्यांच्याही श्वासात जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम येथील ॲस्बेस्टॉसची खाण 1966 साली बंद झाली. खाणीतील टाकाऊ भुकटीत खेळलेल्या मुलांपैकी काहींना मोठेपणी हा रोग झाला.

ऑस्ट्रेलियाने 31 डिसेंबर 2003 पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर पूर्ण बंदी घातली. भारतात असे पत्रे अजूनही वापरले जातात. मात्र 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी 40 वर्षे, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांपैकी जो काळ उशिरा संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. रोग इतक्या उशिरा प्रकट होतो, हेच त्याचे कारण.

फुप्फुसांत रुतलेले तंतू बाहेर काढण्याचा उपाय नाही. म्हणून जुना पत्रा कापू नये, फोडू नये. त्याची कोरडी धूळ झाडू नये. कामाचे कपडे कामाच्या जागीच बदलावेत. ही धूळ दिसत नाही. म्हणूनच तिच्यापासून अधिक जपले पाहिजे.