कलबुर्गीची तूर आणि मापुतोचा करार

परराष्ट्र धोरण म्हटले की आपल्याला दिल्लीतल्या शिखर परिषदा आठवतात, सीमेवरचे सैन्य आठवते. कर्नाटकातल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला परराष्ट्र धोरण भेटते ते तुरीच्या सौद्यात. मोझांबिकशी झालेला करार, म्यानमारमधले लष्करी बंड, दिल्लीत निघालेली आयातीची अधिसूचना, या सगळ्याचा परिणाम कलबुर्गीच्या नेहरू गंजात आणि बिदरच्या गांधी गंजात क्विंटलच्या भावावर दिसतो. डाळीच्या आयातीला माझा विरोध नाही. देशाची गरज साधारण ४५ लाख टनांची आणि पीक ३५ लाख टनांच्या आसपास असेल, तर तूर बाहेरून आणावीच लागेल. प्रश्न आहे तो आयातीचा निर्णय कधी घेतला जातो याचा.

तुरीचे कोठार

कलबुर्गीला कानडीत ‘तोगरी कणज’ म्हणतात, म्हणजे तुरीचे कोठार. भीमा आणि कागिणा नद्यांच्या खोऱ्यातली इथली काळी जमीन चुनखडीच्या थरावर पसरली आहे. इथल्या डाळीची चव आणि वास या मातीतूनच येतो, असे इथला शेतकरी अभिमानाने सांगतो. २०१९ मध्ये कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

बिदरमधल्या औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गीतल्या आळंद या तालुक्यांत मराठी बऱ्याच घरांत बोलली जाते. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले आणि बाकीचा बराचसा भाग आजच्या कर्नाटकात आला. राज्ये वेगळी झाली, पण पीक, सण आणि बाजार एकच राहिले. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूरपासून कलबुर्गीपर्यंतची माणसे शेतात जातात. कडब्याची खोप उभारून तिच्यात पांडव मांडतात, आंबील, उंडे आणि भज्जी यांचा नैवेद्य दाखवतात. त्या भज्जीत ओल्या तुरीचे दाणे हवेतच. त्या दिवशी शिवारात तूर शेंगांनी लगडलेली असते आणि काढणी काही आठवड्यांवर आलेली असते. वर्षाचा सगळा हिशेब त्या उभ्या पिकात अडकलेला असतो.

हे पीक मुळात धीराचे. मृगाच्या पावसावर पेरायचे, मूग-उडीद-सोयाबीन निघून गेले तरी तुरीला उभे ठेवायचे, अळीपासून आणि मर रोगापासून वाचवायचे, आणि डिसेंबर-जानेवारीत कापून रास करायची. जालन्याजवळच्या बदनापूर संशोधन केंद्राचे आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेचे वाण या पट्ट्यात वर्षानुवर्षे पेरले गेले. तरीही २०२२-२३ च्या हंगामात मर रोगाने कलबुर्गी आणि बिदरची उभी तूर वाळवली आणि राज्य सरकारला भरपाई जाहीर करावी लागली.

गंजातला सौदा जवळून पाहण्यासारखा असतो. अडत्याच्या दुकानापुढे तुरीचा ढीग ओतलेला असतो. खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली फोडून ओल तपासतो, डागी आणि बारीक दाणे बोटाने बाजूला करतो. सरकारी खरेदीला ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. त्याहून ओल जास्त निघाली की माल परत वाळवायला न्यायचा किंवा तिथेच कमी भावात घालायचा. ज्याच्यावर सावकाराचा किंवा बँकेचा हप्ता आहे, तो घालूनच जातो.

दोनशे रुपयांची डाळ आणि त्यानंतर

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पाऊस कमी पडला. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली आणि सामान्य घरातले वरण पातळ झाले. सरकार हलले ते योग्यच होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मोझांबिकची राजधानी मापुतो इथे गेले आणि तूर खरेदीचा करार झाला. पहिल्या वर्षी १ लाख टन आणि २०२०-२१ पर्यंत २ लाख टन, असे त्याचे प्रमाण ठरले.

पण त्याच खरिपात चढा भाव पाहून देशभरातल्या शेतकऱ्यांनी तूर पेरली आणि पाऊसही साथीला आला. पीक ४८ लाख टनांवर गेले. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये होता, बाजार त्याच्या कितीतरी खाली गेला. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. आयातीवर १० टक्के शुल्क लागले ते मार्च २०१७ मध्ये, आणि वर्षाला २ लाख टनांची मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये. तोपर्यंत लहान शेतकऱ्याची तूर विकून झाली होती. ज्याच्यासाठी हे निर्णय घेतले, त्याच्या हाती काहीच लागले नाही.

या निर्णयांचा फटका समुद्रापलीकडेही बसला. मोझांबिक, मलावी आणि टांझानियातला शेतकरी मुख्यतः भारतासाठी तूर पिकवतो. भारताने दार बंद केल्याबरोबर तिकडचे भाव कोसळले. भारताच्या शब्दावर पेरणी करणारा आफ्रिकेतला गरीब शेतकरी आणि भालकीचा कोरडवाहू शेतकरी, दोघेही एकाच वर्षी बुडाले.

नकालाचे बंदर

मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली. त्याआधी फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली होती. जगातले बरेच देश तिथल्या राजवटीपासून दूर राहिले, पण भारताला तिथली तूर आणि उडीद हवेच होते. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी म्यानमारशी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि १ लाख टन तूर, मलावीशी ५० हजार टन तूर, आणि मोझांबिकशी २ लाख टन तूर असे ठरले.

मग मर रोगाचे वर्ष आले, आणि त्यामागून २०२३ चा दुष्काळ. सरकारने अख्ख्या तुरीवरचे आयात शुल्क मार्च २०२३ मध्ये काढले, जूनमध्ये साठ्यावर मर्यादा घातल्या. नेमकी गरज होती तेव्हा मोझांबिकच्या नकाला बंदरात भारताकडे निघालेली तूर निर्यातदारांच्या न्यायालयीन वादात अडकून पडली. तिकडच्या एका न्यायालयातल्या खटल्याची धास्ती इकडच्या किराणा दुकानापर्यंत पोहोचली. ज्या देशाचे रोजचे जेवण दोन-तीन देशांच्या बंदरांवर अवलंबून राहते, त्याच्या हाती वाटाघाटीचे बळ कमी राहते.

दबाव दुसऱ्या बाजूनेही येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने जागतिक व्यापार संघटनेत तुरीसह पाच कडधान्यांच्या भारतीय हमीभावावर आक्षेप घेतला. म्हणजे औरादच्या शेतकऱ्याला मिळणारा आधारभाव व्यापार संघटनेच्या जिनिव्हातल्या मुख्यालयातही वादाचा विषय आहे, आणि तिथे त्याची बाजू ठामपणे मांडणे हे परराष्ट्र धोरणाचेच काम आहे.

वेळेचा प्रश्न

आफ्रिकेतली तूर ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला निघते आणि आपली काढणी होण्याआधी इथे पोहोचू शकते. त्या महिन्यांत देशात तुरीची टंचाई असते, म्हणून ती आयात सोयीची. म्यानमारचे पीक मात्र आपल्या पिकाबरोबरच बाजारात येते. एवढा साधा फरकसुद्धा बाराही महिने खुल्या ठेवलेल्या आयातीत लक्षात घेतला जात नाही.

जानेवारी २०२५ चे उदाहरण पाहा. कलबुर्गीच्या गंजात नव्या तुरीची आवक सुरू होती, वर्षभरापूर्वी दहा हजारांच्या घरात असलेला भाव ७,५५० रुपयांच्या हमीभावाखाली उतरत होता. नेमक्या त्याच महिन्यात केंद्राने तुरीची शुल्कमुक्त आयात ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवली. कर्नाटक सरकारने क्विंटलला ४५० रुपयांची भर घालून ८,००० रुपये देऊ केले. चांगलेच केले. पण त्यासाठी राज्याच्या ‘फ्रूट्स’ या शेतकरी नोंदणीचा क्रमांक हवा होता आणि माल सरकारी खरेदी केंद्रावरच घालावा लागत होता. औरादच्या ज्या शेतकऱ्याला उदगीरचा मोंढा जवळ पडतो, त्याच्या तिथे विकलेल्या तुरीला ही भर नव्हती. बांधापलीकडच्या उदगीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला तर ती लागूच नव्हती. माती एक, तूर एक आणि भाव दोन.

काय करायला हवे

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय सहकारमंत्र्यांनी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत तूर उत्पादकांची नोंदणी सुरू करताना डिसेंबर २०२७ पर्यंत डाळींत स्वयंपूर्ण होण्याचे लक्ष्य सांगितले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ११,४४० कोटी रुपयांचे कडधान्य अभियान मंजूर केले. २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादन, आणि नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून तूर, उडीद, मसूर यांची चार वर्षे पूर्ण खरेदी, असे त्यात म्हटले आहे. हेतू उत्तम आहे. पण भाव मिळेल याचा भरवसा नसेल तर शेतकरी तुरीऐवजी सोयाबीन किंवा ऊस लावील, आणि कोणतेही अभियान त्याला थांबवू शकणार नाही.

यासाठी तीन गोष्टी लागतील. पहिली, पुढच्या वर्षाचे आयात धोरण मृग निघण्याआधी, मे महिन्यातच जाहीर करावे आणि काढणीच्या काळात ते शेतकऱ्याच्या विरोधात बदलू नये. दुसरी, बाहेरची तूर बंदरात हमीभावापेक्षा स्वस्त पडणार नाही इतके शुल्क ठेवावे. टंचाईच्या वर्षी ते उतरवावे, पण त्याचे निकष आधी सांगून. तिसरी, खरेदी केंद्रे रास होण्याच्या आधी उघडावीत आणि सीमेवरच्या तालुक्यांत शेजारच्या राज्यातल्या केंद्रावरही माल घालण्याची सोय दोन्ही राज्यांनी मिळून करावी. यात ग्राहकाचे नुकसान नाही. चांगल्या वर्षी हमीभावाने घेतलेला साठा वाईट वर्षी रेशनवर देता येतो. यात आफ्रिकेतल्या मित्रदेशांचेही नुकसान नाही. किती घेणार, कोणत्या महिन्यांत घेणार, हे त्यांना पेरणीआधी कळले तर त्यांचा शेतकरीही वाचेल आणि भारताच्या शब्दाला वजन येईल.

२०१७ चा अनुभव आपल्यापुढे आहे. काढणीनंतर घेतलेला निर्णय कितीही शेतकरीहिताचा असला तरी शेतकऱ्याच्या उपयोगाचा नसतो. डाळ महागली की आपण आवाज उठवतो, आणि तो उठवायलाच हवा. पुढच्या जानेवारीत तुरीचा भाव हमीभावाखाली गेल्याची बातमी वाचाल, तेव्हाही तसाच आवाज उठवा. आपल्या ताटातले वरण त्याच तुरीचे आहे.