कम्युनिटी कॉलेज ते विद्यापीठ : मधला पूल कोण सावरणार?

अमेरिकेतील उच्च शिक्षण म्हटले की हार्वर्ड, स्टॅनफर्ड अशी मोजकी नावे डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात तेथील लाखो विद्यार्थ्यांच्या पदवी शिक्षणाचा आरंभ घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात होतो. प्रवेशपरीक्षेचा अडसर नाही, शुल्क बेताचे आणि नोकरी सांभाळून शिकण्याची सोय. त्यामुळे कष्टकरी कुटुंबांतील मुलांना हेच दार जवळचे वाटते. येथे दोन वर्षे शिकायचे आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात जाऊन पदवी मिळवायची, अशी ही रचना आहे. आफ्रिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र या दोन टप्प्यांमधला पूल वारंवार खचतो.

कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज रिसर्च सेंटर व अन्य दोन संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल या दृष्टीने बोलका आहे. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या १०० पैकी सुमारे ८० विद्यार्थ्यांना पुढे पदवी मिळवायची असते. एकूण विद्यार्थ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश विद्यापीठापर्यंत पोहोचतात आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती १०० पैकी अवघ्या १६ जणांच्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांत हेच प्रमाण ९ टक्के आहे. इच्छा आणि फलित यांतील हे अंतर पाहता दोष केवळ विद्यार्थ्याच्या माथी मारून भागणार नाही.

गळती कोठे होते?

पहिली गळती वर्गाच्या उंबरठ्यावरच होत असे. प्रवेश घेताच चाचणी घेऊन अनेकांना इंग्रजी व गणिताच्या पूर्वतयारीच्या वर्गांत बसविले जाई. या वर्गांचे क्रेडिट पदवीसाठी धरले जात नसत. त्यांतही सर्वांत खालच्या पायरीवर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या त्यांच्या प्रमाणापेक्षा अधिक असे. एकामागून एक पायऱ्या चढताना वेळ आणि पैसा संपे आणि विद्यार्थी मुख्य अभ्यासक्रमाला पोहोचण्याआधीच बाहेर पडे.

दुसरी गळती क्रेडिटची. एका संस्थेत उत्तीर्ण झालेला विषय दुसरी संस्था मान्य करीलच असे नाही. २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेली, असा अंदाज अमेरिकी संसदेला अहवाल देणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये मांडला. अल्प उत्पन्न गटाला मिळणारे 'पेल ग्रँट' हे केंद्रीय अर्थसाहाय्य साधारण १२ सत्रांपुरतेच मिळते. त्यामुळे पुन्हा शिकावा लागणारा प्रत्येक विषय या मर्यादित पुंजीतून वजा होतो.

तिसरी गळती माहितीअभावी होते. कोणत्या विद्यापीठाला कोणता विषय चालतो, अर्जाची मुदत केव्हा संपते, हे ज्याच्या घरात पूर्वी कोणी पदवीधर झालेले नाही त्याला सांगणार कोण? एकेका समुपदेशकाकडे शेकडो विद्यार्थी असले की दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत चार वर्षांचा आराखडा मांडणे अवघडच.

कॅलिफोर्नियाचे प्रयोग

या प्रश्नावर सर्वाधिक प्रयोग झाले ते कॅलिफोर्नियात. ११६ महाविद्यालयांची तेथील व्यवस्था देशातील सर्वांत मोठी आहे. राज्यातील रहिवाशांसाठी एका क्रेडिटचे शुल्क ४६ डॉलर आहे आणि गरजूंना तेही माफ होते. १९६० च्या 'मास्टर प्लॅन'ने गुणवत्ता यादीतील वरच्या साडेबारा टक्के विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांसाठी राज्य विद्यापीठे आणि सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजे अशी विभागणी केली. खालच्या पायरीवरून वर जाण्याचा मार्ग मोकळा राहील, हे या योजनेचे गृहीत होते. तो मार्ग मोकळा करण्यासाठी पुढे स्वतंत्र कायदे करावे लागले.

२०१० च्या कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' आली. ठरलेली ६० क्रेडिट पूर्ण करणाऱ्यास राज्य विद्यापीठांच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची हमी मिळते. मात्र ही हमी विशिष्ट विद्यापीठाची नसते. २०१७ च्या दुसऱ्या कायद्याने चाचणीऐवजी शाळेतील गुणांच्या आधारे विद्यार्थ्याला थेट पदवीस्तरावरील इंग्रजी व गणिताला बसविण्याचा मार्ग खुला केला. २०१९ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतर हे विषय पहिल्याच वर्षी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सर्व गटांत वाढले. गटागटांतील दरी मात्र बुजली नाही.

एकटेपणावर उतारा

नियम बदलले तरी वर्गातला एकटेपणा नियमाने जात नाही. हेवर्ड येथील शॅबो कॉलेजात १९८८ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाचे नाव 'दराजा' होते. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ पूल. त्याच वाटेने पुढे 'उमोजा' म्हणजेच 'एकता' ही चळवळ उभी राहिली आणि आज ती ७० हून अधिक महाविद्यालयांत पोहोचली आहे. विद्यार्थ्यांचा एक गट ठरावीक विषय एकत्र शिकतो. इंग्रजीच्या वर्गात आफ्रिकन-अमेरिकन लेखकांचे साहित्य असते, समुपदेशक गटाशी जोडलेला असतो आणि बसून अभ्यास करण्यासाठी हक्काची जागा असते. एखादा विद्यार्थी दोन दिवस दिसला नाही तर त्याची विचारपूस होते. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट नोकरी, घर आणि शिक्षण यांच्या ओढाताणीत निर्णायक ठरते.

कार्व्हरची वाट

मार्च २०१५ मध्ये आणखी एक दार उघडले. ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांपैकी नऊ संस्थांशी कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी करार केला. विशिष्ट पदवी किंवा किमान ३० मान्य क्रेडिट आणि २.५ ची गुणसरासरी असल्यास प्रवेश निश्चित. सहभागी संस्थांची संख्या पुढे सुमारे ४० वर गेली. पहिल्या नऊ संस्थांत टस्कीगी विद्यापीठ होते. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे हे नाव मराठी वाचकांना परके नाही. स्वतः जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे सिम्प्सन कॉलेजातून १८९१ मध्ये आयोवाच्या कृषी महाविद्यालयात गेले होते. एका शिक्षिकेने त्यांचा वनस्पतींकडील ओढा ओळखून त्यांना तिकडे वळविले नसते, तर पुढचा इतिहास कदाचित वेगळा असता.

या मार्गालाही मर्यादा आहेत. यांतील बहुतेक विद्यापीठे दक्षिणेकडील व पूर्वेकडील राज्यांत आहेत. घर सोडून हजारो मैल जाणे, प्रवास आणि निवासाचा खर्च उचलणे सर्वांना शक्य नाही.

राखीव जागा का नाहीत?

भारतीय वाचकाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच वर्णाधारित राखीव जागा अमान्य केल्या. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये सार्वजनिक शिक्षणात वर्णाधारित प्राधान्यास बंदी घातली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वर्णाचा विचार करण्याची मुभा देशभर जवळजवळ संपुष्टात आणली. त्यामुळे 'उमोजा'सारखे उपक्रमही सर्वांसाठी खुले ठेवावे लागतात. मदत करायची ती जागा राखून नव्हे, तर अडथळे हटवून, अशी ही चौकट आहे.

म्हणूनच खरी कसोटी संस्थांची आहे. कोणते विषय चालतील हे विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात लेखी सांगणे, मान्य केलेली क्रेडिट पुढे न नाकारणे आणि विद्यापीठात पोहोचल्यावरही समुपदेशनाचा धागा तुटू न देणे, ही कामे त्यांनाच करावी लागतील. कम्युनिटी कॉलेजाचे दार सर्वांना खुले आहे, ही मोठी गोष्ट खरी. परंतु त्या दारातून आत आलेल्या १०० कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ९१ जण सहा वर्षांनंतरही पदवीविना राहत असतील, तर नुसते दार उघडे ठेवून जबाबदारी संपत नाही.