मोबाईलमधले दोस्त आणि दारातले पाहुणे

मगरिबच्या सुमारास कुठल्याही मोहल्ल्यात फेरी मारा. कानाला हेडफोन लावून एखादा मुलगा ओरडत असतो, 'मागून ये, मला वाचव!' घरी पाहुणे आले तरी त्याची मान वर होत नाही, सलामचे उत्तर अर्धवटच मिळते. अम्मी म्हणते, 'या गेममुळे पोरगा माणूसघाणा झाला.' पण तो बोलत तर असतोच. मग नेमके बिघडते कुठे?

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची हकिकत याबाबत विचार करायला लावते. स्नायू हळूहळू निकामी करणारा ड्युशेन हा आजार त्याला होता. चाकांच्या खुर्चीत बसून तो 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन खेळ खेळत असे. मुलाला मित्र लाभलेच नाहीत, या समजुतीने आईवडील झुरत. २०१४ साली वयाच्या २५व्या वर्षी तो वारला. वडिलांनी ती बातमी त्याच्या ब्लॉगवर टाकली आणि अनोळखी माणसांचे ई-मेल येऊ लागले. तो आमची दुःखे ऐकून घेई, धीर देई, असे त्यांनी लिहिले होते. एका आईला तर ऑटिस्टिक मुलाशी जवळीक साधण्याची वाट त्याने खेळातूनच दाखवली होती. काही साथीदार अंत्यविधीलाही आले. त्याच्यावरचा माहितीपट २०२४ मध्ये आला.

म्हणजे खेळातली दोस्ती खोटीच असते, असे नाही. चौघांच्या तुकडीत खेळताना मूल कामे वाटून घेते, पटकन निर्णय सांगते, हरल्यावर पुन्हा उभे राहते. लाजऱ्या मुलाला तिथे तोंड उघडायचे धैर्य येते.

मात्र मॅट्सला बाहेरची वाट बंद होती. आपल्या मुलांना ती खुली आहे. समोरच्याचा उतरलेला चेहरा वाचणे, दादीचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणे, मय्यतीच्या घरी गप्प बसून सोबत करणे हे खेळात शिकता येत नाही. तिथे कंटाळा आला की बाहेर पडता येते; नात्यांत तसे होत नाही. शिवाय अनोळखी लोकांच्या शिव्या कानावर पडतात आणि त्या जिभेवर येतात.

खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसूनही तो न सुटणे, या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत स्थान दिले आहे. साधारण वर्षभर असे चालले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर वेगळेच प्रकरण. तो जुगार आपल्याकडे हराम आहेच, २०२५च्या केंद्रीय कायद्यानेही त्यावर बंदी आणली आहे.

मोबाईल हिसकावून घेतल्याने मूल लपून खेळायला शिकते. त्यापेक्षा अब्बांनी एकदा शेजारी बसून विचारावे, 'तुझ्या तुकडीत कोण कोण आहे? कुठला आहे तो?' मुलाला नावे सांगता आली, तर ती ओळख आहे. सांगता आली नाहीत, तर सावध व्हावे. नमाज, जेवण आणि झोप यांच्या वेळी फोन दूर राहील, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. दस्तरखानावर आपणच फोनमध्ये डोके घातले असेल, तर मुलाने सलामचे उत्तर मान वर करून द्यावे, ही अपेक्षा कशी धरायची?