मोठी मत्स्यटाकी घेताय? काचेआधी फिल्टरचा हिशेब करा

मसाट (सिल्वासा) : कंपनीच्या रिसेप्शनला शोभा म्हणून किंवा घरी मुलांच्या हट्टाखातर मोठी मत्स्यटाकी घ्यायचं ठरतं. काच, स्टँड, दिवे आणि मासे यांवरच सगळा पैसा जातो आणि फिल्टर उरलेल्या पैशांत बसवला जातो. मग पंधरा दिवसांत मासे मरू लागतात. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. असं का होतं?

खरा शत्रू दिसत नाही

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांसाठी विषच. उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग त्याचं नायट्रेट होतं, ते बरंच सौम्य. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरमधल्या स्पंज आणि सिरॅमिक रिंगांवर राहतात. त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी भरली की दुसऱ्याच दिवशी वीस मासे सोडणं म्हणजे नुकसान ठरलेलंच.

आकडेमोड अशी करा

टाकी ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच असेल तर १६ घनफूट झाले. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे साधारण ४५० लिटर. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा करता ४०० लिटर धरा. काचेसह हे वजन अर्ध्या टनावर जातं, तेव्हा जागाही मजबूत हवी.

तासाला पाणी चार ते सहा वेळा फिरावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे पंप ताशी १६०० ते २४०० लिटरचा हवा. खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज भरला आणि पाणी वर चढवावं लागलं की तो घटतो. म्हणून थोडा मोठाच घ्या.

कोणता घ्यावा?

*आतला पॉवर फिल्टर :* स्वस्त, पण मोठ्या टाकीला एकटा पुरत नाही.

*कॅनिस्टर :* टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा. आवाज कमी, दिसायला नीटनेटका. मध्यम संख्येच्या माशांना चांगला.

*संप :* खाली दुसरी टाकी ठेवून वरचं पाणी त्यातून गाळून पुन्हा वर पाठवतात. ऑस्कर, गोल्डफिश अशा जास्त घाण करणाऱ्या माशांसाठी हाच बरा. जागा मात्र लागते.

विजेचाही हिशेब बघा. २० वॅटचा कॅनिस्टर चोवीस तास चालला तर महिन्याला १४.४ युनिट, ५० वॅटचा संप पंप ३६ युनिट.

लाइट गेली तर?

पंप थांबला की वरचं थोडं पाणी संपमध्ये उतरतं. तेवढी जागा तिथे रिकामी नसेल तर फरशीवर तळं! कॅनिस्टरचं दुखणं वेगळं. बंद डब्यात काही तासांत प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात आणि लाइट आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत येतं. वीज बराच वेळ गेली असेल तर डबा धुऊन मगच चालू करा. बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

या चुका टाळा

स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. फिल्टर कितीही भारी असला तरी नायट्रेट साठतंच, म्हणून दर आठवड्याला सुमारे चौथा हिस्सा पाणी बदला, तेही क्लोरीन काढून.

आणि ‘सफाईवाला’ म्हणून विकला जाणारा सकर मासा फिल्टरचं काम करत नाही. तो शेवाळ खातो, पण स्वतःही भरपूर घाण करतो. मोठा झाला म्हणून त्याला दमणगंगेत सोडू नका. उजनीच्या मच्छीमारांना या परदेशी माशाचा त्रास ठाऊक आहे. नको असेल तर दुकानदाराला परत द्या.

थोडक्यात, आधी मासे ठरवा, मग फिल्टर आणि शेवटी काच.